'इन्सेंसातेझ': ती खरंच गेली आहे का?

रात्रपाळी

बोसा नोव्हा (ब्राझीलमधला एक संगीतप्रकार) म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना एकच गाणं आठवतं, इपानेमाच्या किनाऱ्यावरून चालत जाणाऱ्या मुलीचं. हॉटेलच्या लॉबीत आणि विमान उतरताना वाजून वाजून ते पार गुळगुळीत झालंय. मला त्याच जोडीच्या दुसऱ्या एका गाण्याबद्दल बोलायचंय. 'इन्सेंसातेझ'. संगीत आंतोनियो कार्लोस (टॉम) जोबिमचं, शब्द व्हिनिसियस द मोरायसचे. गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तोने ते १९६१ च्या आपल्या तिसऱ्या एलपीवर गायलं. आपल्यापैकी अनेकांनी ते 'हाउ इन्सेन्सिटिव्ह' या नावाने इंग्रजीत ऐकलं असेल. ते शब्द नॉर्मन गिंबेलचे. इपानेमाचे इंग्रजी शब्दही त्याचेच.

गमावलेल्या प्रेमाचं गाणं म्हणून दोन्हींची ख्याती आहे. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर गोष्टच वेगवेगळी निघते.

इंग्रजीतला माणूस एक प्रसंग सांगतो. तिने प्रेम असल्याचं सांगितलं आणि हा ढिम्म राहिला. प्रेमच संपलं तिथे माणूस करणार तरी काय, असं वर विचारतो. आता ती निघून गेलीय आणि तिची शेवटची नजर याला अजून दिसते.

पोर्तुगीजमध्ये भेट वगैरे नाहीच. ती काय म्हणाली, कुठे गेली, काही पत्ता नाही. गाणारा पहिल्या ओळीपासून स्वतःच्या हृदयाला फैलावर घेतो. भावार्थ साधारण असा: अरे बेफिकीर हृदया, काय हा अविचार केलास. इतकं नाजूक प्रेम, त्याला रडवलंस. असा दुबळा, असा निर्दय का झालास? ज्याने कधी प्रेम केलं नाही त्याला प्रेम मिळवायचा हक्क नाही. मग सूर बदलतो. जा, विवेकाचं ऐक, खरं तेवढंच बोल. वारा पेरशील तर वादळच कापशील. जा, माफी माग. जो मागत नाही त्याला ती कधीच मिळत नाही.

तर माझे प्रश्न दोन. हृदयावर खापर फोडणं ही कबुली आहे की पळवाट? आणि मूळ गाण्यात ती गेलीय असं नक्की कुठे म्हटलंय? मला तरी सापडलं नाही.

टिवल्याबावल्या

म्हणजे हे मनाचे श्लोकच की! फक्त गिटारवर. (हलके घ्या.)

कोमल_रिषभ

टिवल्याबावल्या, हसण्यावारी नेलंत तरी मुद्दा चुकीचा नाही. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलायची सवय आपल्या कानांना लहानपणापासून आहे, म्हणून हे गाणं मराठी माणसाला परकं वाटू नये. पण समर्थ मनाला आधी सांगतात, असं वागू नकोस बाबा. इथे करून झाल्यावर शिकवणी चालू आहे. त्यामुळे उपदेशाला धार नाही, लाज आहे.

मला सगळ्यात आवडलं ते हृदयालाच निर्दय म्हणणं. आपल्याकडे 'काळजाला काळीज नाही' म्हटल्यासारखं.

धागा छान. वाचनखूण साठवली.

तिरसट_पुणेकर

मूळ ते सोनं आणि इंग्रजी ते पितळ, असा सूर लागायच्या आत विरोध नोंदवून ठेवतो.

गिंबेलवर टीका करायची फॅशन आहे. इपानेमाच्या शब्दांवरून तर जोबिमचंही त्याच्याशी वाजलं होतं. पण या गाण्यात गिंबेलने धाडस केलंय. पश्चात्तापाची गाणी पैशाला पासरी मिळतात. 'समोरचा जीव तोडून सांगत होता आणि मला काहीच वाटलं नाही' असं कबूल करणारी किती मिळतात? इंग्रजी गाण्यातल्या माणसाकडे माफी मागायचीही ताकद नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच, आणि तोच त्याचा अपराध. हे मला जास्त भयंकर वाटतं.

पोर्तुगीजमधला माणूस मात्र हुशार आहे. गुन्हा हृदयाचा, आपण फक्त समजावणारे काका. पळवाटच आहे ही.

सुरपेटी

अजून कोणी शोपॅंचं (पियानोसाठी लिहिणारा एकोणिसाव्या शतकातला संगीतकार) नाव काढलं नाही म्हणून मीच काढते.

ओपस २८ मधला चौथा, ई मायनरमधला प्रिल्यूड (छोटी पियानोरचना) ऐका. १८३९ मध्ये छापला गेला. शोपॅंच्या अंत्यविधीला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये ऑर्गनवर वाजवलेल्या तुकड्यांत तो होता. डावा हात एकसारखे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवत राहतो आणि त्यातला एकेक सूर अर्ध्या स्वराने खाली सरकत जातो. उजव्या हाताची चाल मात्र दोन सुरांतच घुटमळते. आता लगेच इन्सेंसातेझ लावा. दोघांचं नातं कळायला संगीत शिकलेलं असण्याची गरज नाही. १९६३ मध्ये जेरी मलिगन या जॅझ सॅक्सोफोनवाल्याने 'नाइट लाइट्स' अल्बमवर शोपॅंचा हाच प्रिल्यूड चक्क बोसा नोव्हाच्या ठेक्यावर वाजवला.

आपल्या भाषेत सांगायचं तर असं. षड्ज धरून बसा. बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, सा वरून शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असा एकेक अर्धा स्वर उतरतो. आणि गाणारा? तो पंचमावर उभा. कोमल धैवताला जरा शिवतो, परत पंचमावर. पुढची ओळ तशीच, फक्त एक पायरी खाली. गळ्याला फारशी हालचालच नाही. तेच ते सूर खालच्या कॉर्डमुळे दर वेळी वेगळे ऐकू येतात.

जोबिम पियानोवर घडलेला माणूस. लुसिया ब्रांको या त्याच्या एक शिक्षिका. त्याआधी तो हान्स योआखिम कोलरॉयटर या जर्मन संगीतकाराकडे शिकला, जो नाझी काळात जर्मनी सोडून ब्राझीलला आला होता. (अवांतर: हेच कोलरॉयटर साठच्या दशकात दिल्लीत होते, तिथल्या मॅक्स म्युलर भवनाचे प्रमुख म्हणून. दिल्ली स्कूल ऑफ म्युझिक त्यांनीच सुरू केलं.)

तिरसट_पुणेकर

सुरपेटीताई, तुम्ही माझंच काम केलंत.

चाल जागची हलत नाही आणि खालचं सगळं कोसळत जातं. ढिम्म राहिलेल्या माणसाचं याहून चपखल चित्र कुठलं? गिंबेलने व्हिनिसियसचे शब्द बाजूला ठेवले असतील, पण जोबिमची चाल नीट ऐकली होती.

सुरपेटी

अर्धं मान्य. पण दुसऱ्या अर्ध्यात, जिथे पोर्तुगीज शब्द 'जा, माफी माग' म्हणू लागतात, तिथेही चाल तीच आहे. म्हणजे शब्द ढकलतायत आणि चाल उठायला तयार नाही. हृदयाला 'जा' सांगितलंय, पण ते गेलंय का? हा ताण फक्त पोर्तुगीजमध्ये ऐकू येतो. इंग्रजीत शब्द आणि चाल दोन्ही एकाच बाजूला बसलेत.

साओपावलोत_सध्या

नोकरीनिमित्त इकडे आल्यापासून या गाण्यांच्या आधीचं संगीत जास्त ऐकतोय, त्यामुळे थोडी पार्श्वभूमी.

बोसा नोव्हाच्या आधीच्या दशकात ब्राझीलच्या रेडिओवर सांबा-कांसांवचं राज्य होतं. संथ सांबा, भरपूर व्हायोलिन, मोठा गळा आणि प्रेमभंग. त्यातल्या एका प्रकाराला लोक 'दोर द कोतोव्हेलो' म्हणायचे, म्हणजे कोपरदुखी. बारच्या टेबलावर कोपर टेकून रात्रभर पीत बसलेल्या माणसाची गाणी. पोर्तु आलेग्रेचा लुपिसिनियो रॉड्रिगीस हा त्यातला बादशहा. त्याचं 'व्हिंगांसा' हे गाणं १९५१ मध्ये लिंडा बातिस्ताने गाजवलं. नावाचा अर्थच सूड. जिने सोडलं ती बारमध्ये रडताना लोकांना दिसली म्हणे, आणि ते ऐकून गाणाऱ्याला इतका आनंद होतो की तो लपवता येत नाही. शेवटी तिला शापही देतो.

त्यानंतर दहा वर्षांनी इन्सेंसातेझ येतं. शाप नाही, ओरडा नाही, बारमधली साक्षीदार मंडळी नाहीत. दोषी समोर नसून आतच आहे. इथल्या जुन्या लोकांना बोसा नोव्हा नवीन वाटलं ते फक्त गिटारच्या ठेक्यामुळे नसावं. रडायची पद्धत बदलली होती.

हे सगळं व्हिनिसियसने एका रात्रीत केलं असं मात्र नाही. १९५८ च्या 'शेगा द साउदाद'मध्येही तो स्वतःच्या दुःखालाच निरोप्या बनवून तिच्याकडे पाठवतो. जा आणि तिला सांग, तिच्याशिवाय चालत नाही. आतल्या कोणाला तरी 'जा' म्हणणं ही त्याची जुनीच खोड.

रात्रपाळी

साओपावलोत_सध्या, हे फार कामाचं निघालं. 'शेगा द साउदाद'शी जोडून बघितलं नव्हतं. तिथे मात्र ती दूर आहे हे उघड सांगितलंय, आणि ती परत आली तर काय काय करू याची अर्धं गाणंभर यादी आहे. समुद्रातल्या माशांपेक्षा जास्त मुके वगैरे. चालही पहिल्या भागात मायनर, दुसऱ्यात मेजर. दुःख आणि मग आशा, सरळ हिशोब.

इन्सेंसातेझमध्ये मेजरचा दिलासा नाही. पण ती गेल्याचंही कुठे म्हटलेलं नाही. नुसतं दुखावलंय. म्हणून मला वाटतं की मूळ गाणं प्रेम गमावल्यानंतरचं नसून गमावण्याच्या जरा आधीचं आहे. अजून जाऊन माफी मागता येईल. गिंबेलने तिला रवाना करून टाकली आणि गाणं आठवणीचं झालं.

मडगांवची_नात

माझी आजी सेगुंद ग्रावपर्यंत (पोर्तुगीज काळातलं प्राथमिक शिक्षण) पोर्तुगीज शिकलेली. तिला हे गाणं मोबाईलवर ऐकवलं. पहिली प्रतिक्रिया: "हो किते उलयता तें आयकूंक येना, मोठ्यान गाय म्हण ताका." जुआंव जिल्बेर्तोला मोठ्याने गायला सांगणारी ती पहिली नसणार.

दुसरी प्रतिक्रिया व्याकरणाची. हृदयाला सुरुवातीला 'व्होसे' (लिस्बनकडे जरा औपचारिक 'तुम्ही') म्हणतो आणि पुढे 'जा', 'ऐक', 'माग' ही आज्ञार्थी रूपं 'तू'ची वापरतो, हे तिला अजिबात खपलं नाही. तिला शाळेत लिस्बनचं पोर्तुगीज शिकवलेलं. ब्राझीलमध्ये बोलताना अशी सरमिसळ सर्रास चालते, असं मी सांगून पाहिलं. "म्हणून कितें जालें?"

वारा आणि वादळाची म्हण तिला लगेच ओळखीची वाटली. मुळात ती बायबलातल्या होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथातली. व्हिनिसियस जेझुइटांच्या शाळेत शिकलेला, त्यामुळे विवेक, प्रांजळपणा आणि क्षमायाचना हा क्रम मला तरी कन्फेशनच्या तयारीसारखा वाटतो. आधी आत डोकवा, पाप ओळखा, मग जाऊन सांगा. तिरसट_पुणेकर, तुम्ही ज्याला पळवाट म्हणता ती कदाचित कन्फेशनच्या रांगेत उभ्या माणसाची कुजबूज असेल.

गोव्यात ताटातुटीचं गाणं म्हणजे मांडो. संथ, पुष्कळदा मायनरमध्ये, घुमट (चामडं लावलेलं मातीचं तालवाद्य) आणि व्हायोलिनच्या साथीने. तोर्कात द फिगेरेदचा 'आदेवस कोरचो वेळ पावलो' आजही निरोपाच्या वेळी गातात. पण तिथे ताटातूट होते ती जावं लागतं म्हणून. दोष कोणाचाच नाही, त्यामुळे सगळे मिळून गाऊ शकतात. इन्सेंसातेझ दहा जणांनी मिळून गायलं तर कसं वाटेल, कल्पना करून बघा.

टिवल्याबावल्या

आजी रॉक्स. हसून हसून पुरेवाट.

दहा जणांनी मिळून अपराध कबूल करायचा म्हणजे सोसायटीची सर्वसाधारण सभा.

तिरसट_पुणेकर

कन्फेशनचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण कवीचं चरित्रही जरा बघा की. हा गृहस्थ कवी, नाटककार आणि परराष्ट्र खात्यातला अधिकारी (पुढे लष्करी राजवटीने नोकरीवरून काढलं), आणि लग्नं नऊ. नऊ! हृदयाला 'असा कसा रे तू' म्हणायची वेळ त्याच्यावर वरचेवर येत असणार. सरावाचा भाग म्हणायचा.

रात्रपाळी

नऊ लग्नांचा दाखला येणार हे माहीत होतं, फक्त इतक्या उशिरा येईल असं वाटलं नव्हतं. :)

ते मला फार पुढे नेत नाही. एक लग्न केलेल्यालाही हे गाणं लिहिता आलं असतं आणि नऊ केलेल्यालाही 'व्हिंगांसा'. मला जास्त बोलकी वाटते ती एक गोष्ट: पोर्तुगीज शब्दांत प्रियकर आहे की प्रेयसी हे कळतच नाही. 'तुझं प्रेम, इतकं नाजूक प्रेम' एवढंच आहे. म्हणून कोणीही गावं, एक अक्षर बदलावं लागत नाही. इंग्रजीत मात्र 'ही' किंवा 'शी' ठरवावंच लागतं.

कोमल_रिषभ

त्यावरून ब्राझिलियन गायिका आस्त्रुद जिल्बेर्तोचं आठवलं. १९६५ च्या तिच्या पहिल्या अल्बमवर तिने हे इंग्रजीतच गायलंय, 'शी'चा 'ही' करून. म्हणजे प्रेम सांगायला आलेला तो आणि ढिम्म राहिलेली ती.

काल रात्री धागा वाचल्यावर सगळ्या आवृत्त्या ओळीने ऐकल्या, त्यामुळे हात धुऊन घेतो. जुआंवची १९६१ ची जेमतेम अडीच मिनिटांची आहे. कंप नाही, खेच नाही, आवाज बोलण्याच्या पट्टीतला. शब्द गिटारच्या ठोक्याच्या किंचित मागे-पुढे पडतात. पन्नाशीच्या दशकात हा माणूस मिनास जेराइसमधल्या दियामांतिनाला बहिणीच्या घरी राहिला आणि बाथरूममध्ये बसून गिटार नि गळा घासत होता, हे प्रसिद्धच आहे. तिथे स्वतःचा आवाज चांगला ऐकू यायचा. हृदयाला दटावणारं गाणं गायला असाच गळा हवा. माणूस स्वतःला मोठ्याने दटावत नाही, निदान शेजारी ऐकतील इतक्या मोठ्याने तरी.

जोबिमचं १९६३ चं वाद्यसंगीत, क्लाउस ओगरमनच्या तंतुवाद्यांसह. यात शब्दच नाहीत, तेव्हा इथला सगळा वाद तिथे मिटतो. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचं १९६७ चं, जोबिमबरोबरच्या अल्बमवरचं, इंग्रजीत. सिनात्रा कधी नव्हे इतका हळू गातो. पण मला तो ढिम्म वाटत नाही, दमलेला वाटतो. प्रेमप्रकरणांचा अनुभव असलेला माणूस. १९९४ च्या जोबिमच्या शेवटच्या अल्बमवर स्टिंगने गायलंय, तेही इंग्रजीत. नीटस आहे, यापलीकडे काही सुचलं नाही.

आणि आस्त्रुद. तिच्या आवाजात चढउतार जवळजवळ नाहीच. नेहमी तिच्याविरुद्ध वापरला जाणारा हा मुद्दा इथे गाण्याच्या बाजूने उभा राहतो. 'मला काहीच वाटलं नाही' हे सांगताना तिच्या आवाजालाही काही वाटत नाही. आणि विचार करा. प्रेम नाकारून, त्याबद्दल न रडता गाणारी बाई १९६५ मध्ये किती जणांना झेपली असेल?

तिरसट_पुणेकर

आस्त्रुदबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्या बाजूचा पुरावा म्हणून दाखल करून घेतो.

साओपावलोत_सध्या

ऑफिसातल्या एका ब्राझिलियन सहकाऱ्याला धाग्यातला मुख्य प्रश्न विचारला, ती गेलीय की नाही. तो म्हणाला, अर्थातच गेलीय, नाहीतर गाणं कशाला गाईल? मग शब्द मनात म्हणून बघितले आणि म्हणाला, खरंच की, असं कुठे म्हटलेलं नाही. पाठ असलेलं गाणं आणि हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. चाल इतकी उतरती आहे की ती गेलीय असं आपणच धरून चालतो.

सुरपेटी

बरोबर. उतरत्या बेसचं तेच काम. पाश्चात्त्य संगीतात असा अर्ध्या स्वरांनी उतरणारा बेस शतकानुशतकं शोकासाठी वापरला गेलाय. इंग्रज संगीतकार पर्सेलच्या ऑपेरात राणी डायडो मरताना गाते तिथेही तो आहे. तिकडच्या कानाला ते ऐकताच कोणीतरी गेलं असं वाटतं. शब्द म्हणतात अजून वेळ आहे, संगीत म्हणतं वेळ गेली. यातलं कोण खरं ते गाणं सांगत नाही.

मडगांवची_नात

आजीने आज परत ऐकलं, हेडफोन लावून. शेवटच्या ओळीवर म्हणाली, यात एक गोम आहे. जो माफी मागत नाही त्याला ती मिळत नाही, एवढंच म्हटलंय. जो मागतो त्याला मिळते असं कुठे म्हटलंय?

रात्रपाळी

आजींना साष्टांग नमस्कार. ही ओळ मी इतके दिवस आशेची म्हणून वाचत होतो, पण आजींचं वाचन जास्त काटेकोर आहे. हृदयाला पाठवताना हमी काहीच दिलेली नाही. फक्त न जाण्याचा परिणाम सांगितलाय. मग माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही थोडं त्याच बाजूला झुकतं. नुसती पळवाट काढायची असती तर माफी नक्की मिळेल असं स्वतःला सांगून मोकळा झाला असता.

तिरसट_पुणेकर

हे मान्य. पळवाट हा शब्द मागे घेतो. गिंबेलबद्दल मात्र मत तेच.